सावली काळी नसते

प्रिय,

बर्फावरची सावली निळी का, चित्रकार मोनेचं काही चुकलं का, असं तू विचारलंस. त्याने पाहिलं, म्हणून निळी आहे. सावली काळी नसते.

त्याचं 'द मॅगपाय' पुन्हा उघड. १८६८-६९ चं चित्र, ८९ बाय १३० सेंटिमीटर, पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. ऊन मागून येतंय, म्हणून कुंपणाची सावली आपल्या बाजूला पडलीय. उन्हातल्या बर्फावर सूर्याचा पिवळसर उजेड आहे. सावलीच्या पट्ट्यावर सूर्य पोचत नाही, पण वर आकाश उघडं आहे ना! तिथे त्याचाच निळा उजेड उतरतो. त्यात शेजारच्या पिवळटपणामुळे ही निळाई डोळ्यांना आणखी निळी भासते. शेजारच्या रंगाचा हा खेळ शेवरल या रसायनशास्त्रज्ञाने उलगडला. पॅरिसच्या गोबलँ या टॅपेस्ट्री विणणाऱ्या कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता, आणि काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार त्याच्याकडे आली होती. दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यांत होता. त्यावरचं त्याचं पुस्तक १८३९ चं.

आता हात चालव. करड्या पुठ्ठ्याला पेपर पंचने एक भोक पाड. पांढरा पुठ्ठा नको, तो डोळे दिपवतो. भोकातून फक्त सावली बघ, मग तोच पुठ्ठा उन्हातल्या बर्फावर सरकव. 'बर्फ', 'कुंपण' ही नावं गळून पडतात आणि नुसता रंग उरतो. चित्र फोनवर बघणार असशील तर आधी स्क्रीन पिवळसर करणारी 'नाइट लाइट' सेटिंग बंद कर, तो नेमका निळाच खातो. मूळ चित्र कधी बघायला मिळालं तर आधी अडीच मीटरवर थांब. नाक लावून उभं राहिलं की फटकारेच दिसतात, आणि मग तू म्हणतोस, 'नुसते डाग आहेत.'

पुढचं टिपण लिहिताना 'शांत वाटतं' नको, कुठला रंग कशाशेजारी आहे ते लिही. एकच गोष्ट उगाळतोय म्हणशील. उगाळणारच! सावली दिसली की काळ्या ट्यूबकडे हात जायची खोड लागली की डोळे आळशी होतात, आणि ती सुटता सुटत नाही. माझ्या हट्टाचं कारण एवढंच आहे.

निरभ्र दिवशी दुपारी चारनंतर गच्चीवर पांढरी चादर वाळत घाल आणि पुठ्ठ्याच्या भोकातून तिच्या घड्यांतली सावली बघ. ढगाळ दिवशी निळाई शोधू नकोस, मिळणार नाही. शेजारी उन्हातली विटांची भिंत असेल तर सावली तांबूस दिसेल. तेही बरोबरच.