नारिंगी रंगाची युरोपीय नावे

प्रश्न : 'ऑरेंज' हा शब्द 'नारिंग'पासून निघाला असे वाचले. मग सुरुवातीचा 'न' कुठे गेला? इंग्रजांनी 'अ नॉरेंज'चे 'ॲन ऑरेंज' केले, हे खरे का?

मूळ तेच आहे, पण 'न' इंग्रजीत गळलेला नाही. संस्कृत 'नारङ्ग' (हा शब्द बहुधा द्राविडी भाषांतून आलेला), त्यावरून फारसी 'नारंग' आणि अरबी 'नारंज' असा हा प्रवास. अरबांनी कडू नारिंगाची झाडे सिसिली आणि स्पेनमध्ये नेली. फळाबरोबर नावही गेले. स्पॅनिशमध्ये 'नारांखा' म्हणताना 'न' अजून शाबूत आहे. पोर्तुगीजांनी पहिल्या 'न'चा 'ल' करून 'लारांझा' केले. इटालियनमध्ये मात्र 'उना नारांचा' म्हणताना तो 'न' आधीच्या 'उना'त मिसळला आणि उरले 'अरांचा'. फ्रेंचमध्ये 'ओरांझ' होताना 'ओर' म्हणजे सोने, या शब्दाची छाया पडली असे मानतात. चौदाव्या शतकात इंग्रजीने तो फ्रेंचकडून घेतला, तेव्हा 'न' आधीच गेलेला होता. गैरसमज होण्याचे कारण एवढेच, की 'अ नेप्रन'चे 'ॲन एप्रन' इंग्रजीत खरोखर झाले आहे.

हे सारे फळाचे नाव. रंगासाठी तो शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या आरंभापासून सापडतो. तोवर हा रंग तांबड्यात किंवा पिवळ्यात मोजला जाई. म्हणूनच छाती स्पष्ट नारिंगी असलेल्या रॉबिन पक्ष्याला इंग्रजीत 'रेडब्रेस्ट' म्हणतात; त्याच्या जर्मन आणि फ्रेंच नावांतही तांबडाच रंग आहे.

प्रश्न : ग्रीकमध्ये या रंगाला 'पोर्तोकाली' म्हणतात. त्याचा पोर्तुगालशी संबंध आहे का?

आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत गोड संत्रे युरोपभर पसरले, त्यात पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा मोठा हात होता. ग्रीकांनी जुन्या कडू फळाला 'नेरांझी' म्हणणे चालू ठेवले आणि नव्या गोड फळाला पोर्तुगालचे नाव दिले. रंगाला नाव मिळाले ते या नव्या फळावरून. रुमानियनमध्ये फळ 'पोर्तोकाला' आणि रंग 'पोर्तोकालिऊ'. अरबीतसुद्धा गोड संत्र्याला आज 'बुर्तुकाल' म्हणतात. ज्यांनी युरोपला 'नारंज' दिला, त्यांच्याकडेच युरोपचे नाव परत आले, हा मला या साऱ्या प्रवासातला सर्वांत सुंदर टप्पा वाटतो.

उत्तरेकडे फळाचे नाव पडले 'चीनचे सफरचंद' : डच 'सिनासआपेल', उत्तर जर्मनीत 'आप्फेलझिने', रशियन 'अपेल्सीन'. इथे एक गोष्ट नीट पाहावी. डच आणि रशियन भाषांनी रंगाचे नाव फ्रेंच 'ओरांझ'वरून घेतले, त्यामुळे फळ आणि रंग यांची नावे वेगळी पडली. आइसलँडिकने मात्र फळाच्याच नावापुढे 'पिवळा' हा शब्द जोडला. हंगेरियनचीही तीच रीत, पण तिथे फळाचे नाव 'नारंग'च्याच कुळातले आहे.

प्रश्न : नेदरलँड्सच्या राजघराण्याचे नाव फळावरून पडले का?

नाही. ते दक्षिण फ्रान्समधल्या ओरांझ गावावरून पडले. त्या गावाचे रोमन काळातले नाव 'अराउसिओ'. त्याचा फळाशी संबंध नाही. 1544 मध्ये त्या गावाचे संस्थान या घराण्याचा संस्थापक, नासाऊचा विल्यम, याच्याकडे वारसाने आले. पुढे दोन्ही नावांचा उच्चार एक झाला आणि घराण्याने रंगही स्वीकारला.

प्रश्न : फ्रेंचच्या परीक्षेत 'ओरांझ'ला अनेकवचनाचा 'एस' लावला म्हणून गुण गेले. का?

फ्रेंचमध्ये फळाफुलांच्या किंवा वस्तूंच्या नावांवरून आलेली रंगविशेषणे सहसा बदलत नाहीत. 'हिरवा' या अर्थाचे 'वेर' लिंग-वचनाप्रमाणे बदलते. 'ओरांझ' आणि 'मारों' (चेस्टनटवरून आलेला तपकिरी) तसेच राहतात. 'रोझ' म्हणजे गुलाबी आणि 'मोव्ह' म्हणजे फिकट जांभळा हे अपवाद आहेत, त्यांना 'एस' लागतो. ते पाठच करावेत. स्पॅनिशमध्ये अडचण वाटली तर 'आनारांखादो' वापरा. ते नियमित चालते. जर्मन लेखनात 'ओरांझ'ला प्रत्यय लावण्यापेक्षा 'ओरांझफार्बेन' लिहून त्याला प्रत्यय लावणे सुरक्षित.