पडदा आधी की पाटी?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच सुरातली आहेत. सिंहस्थाच्या निमित्ताने नाशकात घाटांपासून रस्त्यांपर्यंत सगळंच नवं करायला काढलंय, मग संग्रहालयं आणि कलादालनं का मागे? माझी सगळी नोकरी अभिरक्षक म्हणून झाली, म्हणजे कपाटांच्या किल्ल्या आणि नोंदवह्या सांभाळण्यात. उत्तरंही त्याच खुर्चीवरून देते आहे.

ताई, संग्रहालयात टचस्क्रीन, होलोग्राम, थ्रीडी शो आणायला हवेत असं सगळे म्हणतात. मी नातवंडांना घेऊन जातो, पण दहा मिनिटांत ‘आजोबा, चला ना’ सुरू होतं. पडदे आले तर मुलं रमतील का?
— निवृत्त शिक्षक, इंदिरानगर

रमतील की! पहिलं वर्षभर. मग देखभालीचा करार संपतो, ठेकेदार फोन उचलत नाही आणि पडद्यावर ‘दुरुस्तीचे काम चालू आहे’ असा कागद चिकटतो. तो कागदही पिवळा पडलेला मी पाहिला आहे. पडद्यांशी माझं वैर नाही, पण सर, मुलं कंटाळतात ती पडदा नाही म्हणून नव्हे. पाटीवर ‘चांदीचे नाणे, सातवाहन काळ’ एवढंच लिहिलेलं असतं. यात मुलाने बघायचं काय?

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट घ्या. १९०६ साली जोगलटेंभीला नहपानाच्या (हा क्षत्रप, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक घराण्यातला राजा) १३ हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. नाणी वितळवली नाहीत, नवी पाडली नाहीत. हरलेल्या राजाच्या तोंडावरच एका बाजूला चैत्य (एकावर एक कमानींचा डोंगरासारखा आकार) आणि दुसऱ्या बाजूला उज्जैनचं चिन्ह (टोकांना वर्तुळं असलेली फुली) ठोकलं आणि तीच नाणी पुन्हा बाजारात सोडली. नीट पाहिलं तर चैत्याच्या कमानीखालून नहपानाचं नाक डोकावतं! असं नाणं दाखवायला होलोग्राम कशाला? साखळीला बांधलेलं भिंग द्या, शेजारी ताटाएवढा प्लास्टरचा साचा ठेवा, मुलाला त्यावरून बोट फिरवू द्या, आणि पाटीवर लिहा: ‘या नाण्यावर दोन राजे आहेत. दोघांना शोधा.’

आणि तिथेच थांबू नका. पाटीच्या खालच्या ओळीत सांगा की याच बातमीचा दुसरा अर्धा भाग पांडवलेण्यात आहे. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं कौतुक कोरून ठेवलंय, त्यात त्याने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश उरू दिला नाही असं स्पष्ट म्हटलंय. आईनेच लिहवून घेतलेलं, तेव्हा थोडं वाढवून धरायला हरकत नाही. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात सांगतो की त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले: २,००० दरमहा शेकडा १ व्याजाने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल काढायची नाही, व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा आणि इतर गरजांचा खर्च भागवायचा. गोवर्धन नावाचं गाव गंगापूरच्या बाजूला आजही आहे. सातपूरच्या पतसंस्थेत रक्कम ठेवणाऱ्या माणसाला हा शिलालेख म्हणजे मुदतठेवीची पावती वाटेल, फक्त त्याला कुणी तो त्याच्या मराठीत वाचून दाखवला पाहिजे. ‘प्रस्तुत लेख ब्राह्मी लिपीत असून’ अशी सुरुवात झाली की तो पुढच्या लेण्याकडे वळणारच.

पैसे आहेतच तर मी ते आधी गळणाऱ्या छपरावर घालीन, मग प्रत्येक वस्तूचा फोटो आणि नोंद यावर, मग पाट्यांवर. पाटी लिहून झाली की आठवीच्या एखाद्या वर्गाला वाचायला द्यावी आणि मुलं अडखळतील तिथे खोडावी. उरलेल्या पैशात दोन तरुण मार्गदर्शक पगारावर ठेवावेत. पडदा त्यानंतर. मुंबईच्या भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहून या. १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं, महापालिकेचं. २००३ साली पालिका, वारसा जपणारी संस्था इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला आणि २००८ साली ते नव्याने खुलं झालं. तिथे जुनी लाकडी कपाटं भंगारात काढली नाहीत, दुरुस्त केली. आधुनिक करणं म्हणजे काय ते त्या कपाटांसमोर उभं राहिल्यावर कळतं.

आजोबांची तांब्याची भांडी घडवायची हत्यारं माळ्यावर पडून आहेत. आमच्यात आता हे काम कुणी करत नाही. संग्रहालय घेईल का? की मोडीत घालावीत?
— एक वाचक, जुनं नाशिक

मोडीत घालू नका. आणि घाईने देऊनही टाकू नका.

आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला त्या हत्यारांशेजारी बसवा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा. कोणत्या हातोड्याला तुमच्या घरात काय म्हणत, कुठल्या ऐरणीवर हंड्याचा गळा काढत, मठारताना ठोके कसे पडत, भांडी बाजारात भाव कोण ठरवी, हे सगळं. ही माहिती हत्याराबरोबर आली नाही तर संग्रहालयाच्या दृष्टीने ते नुसतं लोखंड. बोहाड्याचे, म्हणजे आदिवासी गावांत देवांची सोंगं घेऊन नाचायच्या उत्सवाचे, मुखवटे भिंतीवर ‘आदिवासी मुखवटा’ एवढ्या पाटीखाली टांगलेले पाहिले की मला राग येतो तो याचसाठी. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या गावांत आजही तो मुखवटा कोणत्या देवाचा, तो घेऊन कोण नाचतं, हे सांगणारी माणसं आहेत. त्यांना एसटीचं भाडं आणि दिवसाचा रोज देऊन बोलावलं तर एका दुपारी सगळ्या पाट्या बदलता येतील.

हत्यारं घासूपुसू नका. चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नका. वापराच्या खुणा आणि कारागिराची निशाणी यांनाच मोल आहे. देताना लेखी दानपत्र करा, दाखल नोंदवहीतला क्रमांक मागून घ्या, आणि पाटीवर आजोबांचं नाव येणार का ते विचारा. ‘नंतर बघू’ असं उत्तर आलं तर हत्यारं घरीच बरी. काही वर्षांसाठी उसनी देण्याचाही करार करता येतो, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही.

जाता जाता: जुन्या नाशकातली पेशवेकाळापासूनची रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद, कुठल्या कपाटात ठेवणार? वर्षभर बुजवलेली असते, रंगपंचमीला उघडते. तिच्यासाठी चौकात एक चांगला फलक आणि जाणत्यांच्या मुलाखती पुरेत. संग्रहालयाला चार भिंती असल्याच पाहिजेत असं नाही.

मी अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. संग्रहालय साडेदहाला उघडतं, संध्याकाळी बंद, सणाला बंद. आम्ही बघायचं कधी?
— एक कामगार, सिडको

तुम्ही बघूच नये अशी ती वेळ ठरवली आहे, असं नाही म्हणता येणार. ती कर्मचाऱ्यांच्या सोयीने ठरली आणि कुणी हरकत घेतली नाही. आठवड्यातून दोन दिवस रात्री नऊपर्यंत उघडं ठेवायला एक जादा पाळी लागते, एवढाच खर्च. अर्ज एकट्याने करू नका, युनियनच्या किंवा मंडळाच्या लेटरहेडवर करा, त्याला आवक क्रमांक पडतो.

तुम्ही येऊ शकत नसाल तर संग्रहालयाने यावं. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बसमध्ये प्रदर्शन मांडून शाळांत आणि गावांत नेतं. स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात तर १९९० पासून संग्रहालयातल्या खऱ्या वस्तू पेट्यांतून वस्त्यांमध्ये, वृद्धाश्रमांमध्ये जातात, लोक त्या हातात घेतात. सिडकोतल्या अभ्यासिकेत अशी एक पेटी महिनाभर ठेवायला कोणता अडथळा आहे?

गोदाघाटाच्या जलरंगचित्रांचं कायमचं दालन व्हावं, असं आम्हा विद्यार्थ्यांना वाटतं. जागा नदीकाठीच हवी. आपलं मत?
— चित्रकलेची विद्यार्थिनी, पंचवटी

कल्पना छान. चित्रकार शिवाजी तुपे यांच्यासारख्यांनी हा घाट देशभर नेला, त्या चित्रांना नाशकात हक्काची भिंत हवीच. पण जलरंग उजेडाने उडतात. ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) वर प्रकाश नको, आणि तीच चित्रं वर्षभर टांगायची नाहीत, तीन-चार महिन्यांनी आळीपाळीने आत न्यायची. ‘कायमचं’ असावं ते दालन, चित्रं नव्हेत.

नदीकाठाबद्दल दुतोंड्या मारुतीला विचारा, गोदापात्रातल्या ज्या मूर्तीवरून नाशिककर पूर मोजतात त्याला. २००८, २०१६, २०१९ या वर्षांत पाणी कुठवर चढलं ते तुमच्या घरच्यांना पाठ असेल. नदीजवळच्या जुन्या सरकारवाड्याच्या पायऱ्याही पूर ओळखतात. तळमजल्यावर तिकीटखिडकी, चहा, मुलांची कार्यशाळा असू दे. चित्रांचं कोठार वरच्या मजल्यावर, आणि चित्रं कुणी, कोणत्या क्रमाने हलवायची याची यादी जूनच्या आधी दारामागे लावलेली.

शेतात नांगरताना मडक्यात जुनी नाणी निघाली तर संग्रहालयात द्यायची की सोनाराला दाखवायची?
— एक शेतकरी, निफाड तालुका

सोनाराला नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेला, १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवला तर शिक्षा आहे, कळवला तर कायद्याने हक्कही मिळू शकतो. तलाठ्याला गाठा, पोच घ्या. मडकं फुटलं असेल तर खापरंही ठेवा, जागेचे फोटो काढा, भावकीत वाटणी करू नका. सगळी नाणी एकत्र राहिली तरच ती कुणी, केव्हा पुरली ते समजतं. जोगलटेंभीची नाणी अभ्यासक रेव्हरंड स्कॉट यांना ठशांसकट तपासता आली ती हजारोंच्या संख्येने एकत्र समोर आली म्हणूनच. आणि पंचनामा होईपर्यंत ती मातीसकट असू द्या.