गर्भपातानंतर डॉक्टर क्युरेटिंग सांगतात, त्यात कितपत धोका असतो?

प्रश्न तुम्ही सविस्तर लिहिलाय. पत्नीला नववा आठवडा, सोनोग्राफीत ठोके नाहीत, डॉक्टरांनी शनिवारी 'पिशवी धुवायला' बोलावलंय, घरचे म्हणतात उरकून टाका, आणि 'मला निर्णय घ्यायचा आहे'. एवढ्या सगळ्यात पत्नीचं काय म्हणणं आहे ते एका ओळीतही नाही. म्हणून लिहायला बसले, नाहीतर असले प्रश्न मी मुकाट पुढे सरकवते.

आधी त्या शब्दाचं बघू. पिशवी धुणं, सफाई करणं, म्हणजेच क्युरेटिंग. भांडं आहे का ते? या शब्दाने सगळ्यांना वाटतं, खरकटं काढलं, विषय संपला. प्रत्यक्षात भूल देऊन, गर्भाशयाचं तोंड रुंद करून आत अवजार घालतात. दहा-पंधरा मिनिटांचं असेल, बहुतेक बायका त्याच दिवशी घरीही येतात, पण ते ऑपरेशन आहे.

माझं झालं २०११ मध्ये. गणपती दहा-बारा दिवसांवर आले होते. सासर सातारा जिल्ह्यातलं, घरात उभ्या गौरी. थोरल्या जाऊबाई बाळंतपणाला माहेरी गेलेल्या, म्हणजे पुरणावरणाचं सगळं माझ्यावर. सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. आपोआप पडायची वाट बघितली आणि नेमकं गौरी जेवायच्या दिवशी सुरू झालं तर? सणात विटाळ. "गौरी यायच्या आत मोकळी हो बाई." शिवाय पिशवी धुतली की पुढचं लवकर राहतं, हे तर आमच्या आळीत प्रत्येकीच्या तोंडी. डॉक्टरांनी पिशवी मोकळी करायच्या गोळ्यांचं नाव काढलं नाही, थोडं थांबता येतं हेही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला तेव्हा भिंतीकडे तोंड करून नुसतं झोपायचं होतं.

काचेच्या बांगड्या उतरवायला सासूबाईंनी साफ नकार दिला. सिस्टरने वाद घातला नाही. पांढरी चिकटपट्टी घेतली आणि दोन्ही मनगटांवर बांगड्यांभोवती गुंडाळली. टेबलावर पाय बांधून होईपर्यंत मी त्या पट्टीकडेच बघत होते. एके ठिकाणी तिची कड सुटली होती आणि तिथे हिरव्या काचेची एक कपची चिकटली होती. मग भूल चढली.

बाहेर काय झालं ते पुष्कळ नंतर कळलं. संमतीचा फॉर्म इंग्रजीत होता. नवऱ्याने खालच्या मेडिकलच्या काउंटरवर, मेडिकलवाल्याचंच पेन मागून सही ठोकली. त्याला वाटलं डिपॉझिटचा कागद आहे. पेशंटच्या सहीची जागा कोरी राहिली आणि त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

आणि गंमत बघा, गौरी आल्या तेव्हा मला जातच होतं. ज्याच्यासाठी घाई केली नेमकं तेच. मी कोपऱ्यात बसून गौरी जेवताना बघितल्या, पुरण शेवटी सासूबाईंनीच वाटलं. अठराव्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी, "थोडं राहिलंय", पुन्हा क्युरेटिंग. सही पुन्हा त्याचीच. सासूबाईंचा निष्कर्ष, पहिल्यांदा नीट धुतली नव्हती.

त्यानंतर पाळी दोन दिवसांवर आली, मग नुसते डाग. पोटात मात्र दर महिन्याला तिडीक. सगळ्यांनी ठरवलं, अशक्तपणा. अहाळिवाचे लाडू आणि लोहाच्या गोळ्या यावर सव्वा वर्ष काढलं, आणि तोवर घरात 'हिच्यातच काहीतरी आहे' सुरू झालं होतं. पुण्याला बदली झाली तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, आधी पाळी किती दिवस जायची? आता किती? दोन्ही वेळेला कशाने केलं, कागद आहे का? कागद नव्हता. दुर्बिणीने आत बघितलं तर गर्भाशयाच्या भिंती जागोजागी एकमेकींना चिकटलेल्या. याला ॲशरमन म्हणतात, जोसेफ ॲशरमन या डॉक्टरने १९४८ मध्ये यावर लिहिलं म्हणून. खरवडताना आतलं अस्तर खोलवर गेलं की भरून येताना भिंत भिंतीला धरते. माझं दुर्बिणीतूनच सोडवलं, काही आठवडे हार्मोनच्या गोळ्या दिल्या. २०१४ मध्ये मुलगी झाली. ती आत्ता शेजारी बसून मोबाईल कधी मिळणार म्हणून विचारतेय.

आता तुमचं 'कितपत'. ब्रिटनचं स्त्रीरोगतज्ज्ञांचं रॉयल कॉलेज रुग्णाला आधी आकडे सांगा म्हणतं: गर्भाशयाला भोक पडणं हजारात एकापर्यंत, काही राहून पुन्हा करावं लागणं शंभरात पाचपर्यंत. म्हणजे माझ्यासारखं 'राहिलंय' हे कुणाचं पाप नाही, होतं. जंतुसंसर्ग शंभरात दोन-तीन, आणि ही जोखीम एकट्या क्युरेटिंगची नाही. २००६ मध्ये ब्रिटनमधली सुमारे बाराशे बायकांची चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात थांबलेल्या, गोळ्या घेतलेल्या आणि ऑपरेशन केलेल्या तिन्ही गटांत संसर्ग सारखाच निघाला. चिकटण्याचं प्रमाण ऐकून दचकाल. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून बघितले, तर गर्भपातानंतर दुर्बिणीने तपासलेल्यांत शंभरातल्या साधारण १९ जणींना काही ना काही चिकटलेलं होतं. निम्म्याहून जास्त सौम्य. पण जितक्या वेळा क्युरेटिंग, तितका धोका वाढतो. हे वाक्य मला पहिल्या वेळी कुणी सांगितलं असतं तर दुसऱ्या वेळी मी निदान गोळ्यांचं विचारलं असतं.

धोका किती हे बरंचसं अवजारावर ठरतं, आणि ते कुणीच विचारत नाही. धारदार क्युरेटने, म्हणजे लांब दांड्याच्या चमच्यासारख्या अवजाराने खरवडणार की सक्शनने ओढून घेणार? सक्शनला मशीनच पाहिजे असं नाही, हाताने चालवायची मोठी प्लास्टिकची सिरिंज आणि लवचिक नळी असते, पुष्कळदा जागेवरच्या भुलेवर भागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्येच धारदार क्युरेटची पद्धत कालबाह्य ठरवली. २०२२ मध्ये तर सक्शन झाल्यावर 'खात्री करायला' क्युरेट फिरवणंही करू नका म्हटलं. तरी आपल्याकडे सगळ्याला सरसकट क्युरेटिंगच म्हणतात, त्यामुळे आत काय वापरलं ते पेशंटला कळायला मार्ग नाही. विचारा, आणि डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. काढलेलं तपासणीला पाठवायलाही सांगा. क्वचित द्राक्षगर्भ (नीट गर्भ न वाढता द्राक्षांसारख्या फोडांचा घोस) निघतो, मग पुढे काही महिने रक्त तपासत राहावं लागतं.

शनिवारच का, हेही विचारा. ताप नाही, रक्तस्राव बेताचा, तर काही दिवस थांबता येतं किंवा गोळ्या घेता येतात. २०१८ च्या एका अमेरिकन चाचणीत मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही दोन औषधं मिळून दिली तेव्हा शंभरातल्या ८४ जणींचं पहिल्या भेटीपर्यंत पूर्ण झालं, नुसत्या मिसोप्रोस्टॉलवर ६७ जणींचं. दुखतं खूप, रक्तही पुष्कळ जातं, घरात जाणतं माणूस हवं. आणि सोनोग्राफीचा कागद बघा. गर्भ सात मिलिमीटरपेक्षा लहान असताना 'ठोके नाहीत' लिहिलं असेल तर निदान आठवड्याने दुसरी सोनोग्राफी झाल्याशिवाय काहीही करू नका.

आता सहीचं. आमच्यात हा वाद अजून चालू आहे. नवरा म्हणतो, तू गुंगीत होतीस, नवऱ्याने नाही करायची तर कुणी करायची? मी गुंगीत नव्हते, भूल त्यानंतर दिली. सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा समीरा कोहली खटल्याचा निकाल आहे. बाई भुलीखाली असताना ऑपरेशन वाढवायला आईची संमती घेतली होती. न्यायालयाने सांगितलं, रुग्ण सज्ञान आहे, जिवावर बेतलेलं नाही, तर शुद्धीवर यायची वाट बघा, तिच्या वतीने आईची संमती चालत नाही. आईची चालत नाही तिथे नवऱ्याची कुठून चालणार? या निकालाची पहिली चार पानं मी प्रिंट काढून त्याच्या कपाटाच्या दाराला आतून लावली आहेत. शनिवारी फॉर्म तिच्या हातात द्या, मराठीत समजावून सांगायला लावा.

हे वाचून क्युरेटिंगलाच घाबरून बसू नका. तासाला दोन पॅड भिजताहेत आणि सलग दोन तास हेच चाललंय, ताप १००.४ च्या वर गेला, घाण वास येतोय, तर गोळ्या नाहीत, थांबणं नाही, तडक दवाखाना. बेळगावच्या सविता हलप्पनवार आयर्लंडमधल्या गॉलवेला २०१२ मध्ये जंतुदोष होऊन गेल्या. सतरावा आठवडा होता, गर्भ वाचणार नाही हे कळलं होतं, त्या मोकळं करा म्हणून मागत होत्या, पण ठोके आहेत म्हणून नकार मिळाला. वेळेवर पिशवी मोकळी न करणं हाही धोकाच. माझ्यापुरतंही खरं सांगायचं तर सक्शनने केलं असतं तर चिकटलंच नसतं अशी हमी कुणी देणार नाही, आणि दुसरं क्युरेटिंग त्या वेळी कदाचित लागणारच होतं. आपल्याकडे गर्भाशयाच्या क्षयानेही असं चिकटतं, माझा तोही तपास करून घेतला होता.

नंतर सहा-आठ आठवड्यांत पाळी आली नाही, किंवा माझ्यासारखी नुसत्या डागांवर आली, तर लाडू वळत बसू नका.

ता. क. तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं आठवणीने विचारा, ७२ तासांच्या आत घेतात. आणि ती नोकरी करत असेल तर गर्भपातानंतर सहा आठवडे भरपगारी रजा आहे, आधी १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होती, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, डॉक्टरांचा दाखला लागतो. मला हे कळलं तेव्हा मी दहाव्या दिवशी शाळेत हजर होऊन वर्षं लोटली होती.