रविवारी गावाला जाऊ नकोस

पोरी,

तुझा मेसेज रात्री दीडला आलाय. सकाळी वाचला आणि आधी रागच आला, कारण त्या वेळेला तू झोपलेली असायला पाहिजे. मग परत वाचला. मावशी मला इथं कुणीच नाही, वर्गात काय चाललंय कळत नाही, मंगळवेढ्याच्या कॉलेजला ऍडमिशन बदलून मिळेल का, असं लिहिलंयस. तू हुशार आहेस, तुला जमेल वगैरे मी लिहिणार नाही, ते तुलाही माहितीये आणि मलाही. मी तुझ्या आईला फोन केला आणि एकच विचारलं, पोरगी गावाला कधी कधी येते गं? ती खुशीत म्हणाली, दर शुक्रवारी संध्याकाळी येते की, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जाते.

तिथंच मला सगळं कळलं.

तर आता नीट ऐक. रविवार सोलापुरात काढायचा. दिवाळीला जा, घरात कुणी आजारी असेल तर जा, पण पहिली सेमिस्टर संपेपर्यंत बाकीचा प्रत्येक रविवार सोलापुरात. हे ऐकून तुला वाटेल मावशीला काय बोलायला जातंय, पण मी इतकी वर्षं कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये काढलीत, फर्स्ट इयरच्या पोरापोरी बघितल्यात, आणि गावाकडनं आलेलं कोण टिकणार हे मी मार्कावरनं नाही सांगत, शनिवारच्या प्रॅक्टिकलला कोण हजर आहे त्याच्यावरनं सांगते.

तू म्हणतेस इथं कुणीच नाही. अगं असणार कसं? सोमवारी तू अर्धवट झोपेत येतेस, पहिली दोन लेक्चरं पेंगण्यात जातात. मंगळवार बुधवार जरा बरे. गुरुवारपासनं तुझ्या डोक्यात बॅग भरायला सुरुवात. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस तू इथं आहेस, बाकी पाहुणी. पाहुण्याशी कोण मैत्री करतंय? आणि 2023 च्या मार्चपासनं बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय, चांगलंच झालंय, मी स्वतः त्याच तिकिटावर फिरते, पण तुझ्या बाबतीत त्यानं एक झालंय की पळून जाणं स्वस्त झालंय. पन्नास-पंचावन्न किलोमीटर म्हणजे काही लांब नाही. आम्हाला तिकिटाचे पैसे नव्हते म्हणून आम्ही थांबलो. तुला स्वतःहून थांबावं लागेल, ते जास्त अवघड आहे हे मला मान्य आहे.

मैत्री वर्गात होत नाही गं. वर्गात फक्त ओळख होते, तुझी वही दे, सर आले का, एवढंच. मैत्री रविवारी होते. रविवारी रूमवर ज्या पोरी उरतात ना, त्या उरलेल्याच एकमेकींच्या होतात. पाणी रोज येत नाही आपल्याकडं, ते रविवारी आलं की सगळ्यांनी मिळून बादल्या भरायच्या, कपडे धुवायचे, दोरीवर जागेसाठी भांडायचं. संध्याकाळी मेस बंद, मग चौघी-पाचजणी मिळून पार्क चौकाकडं काहीतरी खायला जातात, येताना सिद्धेश्वर तलावाच्या काठानं चालत येतात. त्या तेवढ्या वेळात कोण कुठल्या गावची, कुणाच्या घरी काय चाललंय, कुणाला कुठला विषय येतो, सगळं कळतं. तू त्या वेळेला मंगळवेढ्यात आईच्या हातची भाकरी खात बसलेली असतेस आणि मग सोमवारी येऊन म्हणतेस, या सगळ्या आधीच एकमेकींच्या मैत्रिणी आहेत. झाल्यात त्या, काल झाल्यात.

माझी फर्स्ट इयरची मैत्रीण सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू घरातली. एका रविवारी मला घरी घेऊन गेली. आई तिची विड्या वळायची. तेंदूची भिजवलेली पानं पत्र्याच्या मापानं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्यानं बांधायची, आणि हजाराच्या हिशोबानं कारखान्यात नेऊन द्यायची. मैत्रीणही तेच करायची, कॉलेज सुटलं की. तिला हातात पुस्तक धरता यायचं नाही म्हणून मी वाचायचे आणि ती ऐकायची. ऐकायची म्हणजे काय, मधेच थांबवायची आणि म्हणायची, पुस्तक मिट आणि आता सांग मोल म्हणजे काय. मी सांगायला लागले की अडकायचे. मग परत उघडायचं, परत मिटायचं. तिच्या आईला मराठी फार येत नव्हतं, मला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता, पण उठताना ती मला जेवल्याशिवाय सोडायची नाही. मी केमिस्ट्री त्या जमिनीवर बसून शिकले, वर्गात नाही. मी वर्गात मागं बसून इंग्रजी शब्द नुसते उतरवून घ्यायचे, तुझ्यासारखंच.

पुढं खूप वर्षांनी वाचनात आलं की यावर अभ्यासही झालाय. रोडिगर आणि कार्पिक म्हणून दोघं अमेरिकेतले, 2006 साली त्यांनी कॉलेजच्या पोरांना उतारे दिले, काहींना परत परत वाचायला लावलं, काहींना वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं. तू वाचणाऱ्यातली आहेस. रात्री चार वेळा वाचतेस, त्या वेळेला सगळं आलं असं वाटतं, आणि शुक्रवारच्या टेस्टला पाटी कोरी. म्हणून तुला वाटतं आपल्याला काही कळतच नाही. कळतं गं, मिटून बघत नाहीस एवढंच. आणि एकटीनं हे रोज होत नाही, समोर विचारणारी लागते, आणि ती विचारणारी तुला रविवारी सापडणार आहे.

इंग्रजीचं रडगाणं मात्र मी ऐकणार नाही. तुझ्या वर्गात निम्म्याच्या वर पोरं मराठी मीडियमची असतील, त्यात कुणी घरी कन्नड बोलतं, कुणी तेलुगू, त्यांची तर ही तिसरी भाषा. रविवारी दुपारी एक धडा घे, अडलेल्या शब्दाला पेन्सिलनं खूण कर, अर्थ मराठीत लिही समासात. फर्स्ट इयरचे तेच तेच शब्द परत येतात, महिना-दीड महिन्यात खुणा कमी व्हायला लागतात. यात दुसरी कुठली ट्रिक नाही.

आणि जर्नल. हे जरा ओरडून सांगते. शनिवारची प्रॅक्टिकलं बुडवलीस की जर्नल अपुरं, जर्नल अपुरं की सर्टिफाय होत नाही, आणि सर्टिफाय नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही. पंच्याहत्तर टक्के हजेरीचं तर वेगळंच. दर वर्षी शेवटच्या आठवड्यात पोरी रडत माझ्या टेबलाशी येतात, मॅडम एक सही, आणि मला नाही म्हणावं लागतं, कारण ब्युरेट हातात धरलेलीच नाहीये त्यांनी. तू त्या रांगेत दिसलीस तर मी तुझ्या आईची मैत्रीण म्हणून सही करणार नाही, आत्ताच सांगते.

झोपेचंही याच्यातच आलं. तुझ्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते. तू रात्री दीडला मेसेज करतेस, सोमवारी पहाटे चारला गाडीसाठी उठतेस, मग ती झोप भरून काढायला दुपारी झोपतेस आणि रात्री परत डोळे टक्क, हातात मोबाईल. दिवसभर वाचलेलं डोक्यात मुरतं ते झोपेत. फोन झोपायच्या वेळेला दुसऱ्या पोरीच्या उशाशी ठेव आणि तिचा आपल्याकडं घे. असं करायलासुद्धा रूमवर एक मैत्रीण लागते, बघ परत तिथंच आलो.

तुझ्या आईला वाईट वाटेल. वाटू दे. कडक भाकरी, शेंगाची चटणी सगळं टिकतं, गावाकडनं कुणी येणारं असेल त्याच्याजवळ डबा देता येतो. डबा येऊ दे, तू जाऊ नकोस.

हे मी कुणालाही असंच हलक्यात सांगत नाहीये. माझी धाकटी बहीण सातवी झाली आणि घरच्यांनी तिची शाळा बंद केली, हायस्कूल शेजारच्या गावाला होतं म्हणून. मी त्या वर्षी इथं फर्स्ट इयरला. मला कळलं तेव्हा सहामाही उलटून गेलेली. आमच्या भावकीत अजून म्हणतात, थोरली दर आठवड्याला घरी येत असती तर तिनं वडिलांशी भांडून शाळा चालू ठेवली असती. माझ्या मनालाही ते लागतं, आजही लागतं, बहीण कधी एका शब्दानं बोलली नाही म्हणून जास्तच लागतं. पण मी विचार करते, मी दर आठवड्याला गेले असते तर मी फर्स्ट इयरलाच बसले असते, नापास झाले म्हणून माझंही लग्न लावलं असतं, आणि घरात एकीच्या जागी दोघी बसल्या असत्या. मी पास झाले, नोकरीला लागले, म्हणून तिच्या दोन्ही पोरी माझ्या घरी राहून शिकल्या. मी थांबले ते बरोबरच केलं. कुणी काही म्हणू दे. तिला पोरींचं बघून बरं वाटतं, आणि मला तिच्या तोंडाकडं बघताना अजून कसंसंच होतं, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता एक गोष्ट वेगळी काढून सांगते. घरची आठवण येणं, रडू येणं, मेसचं न जाणं, हे सगळं पहिल्या दोन-तीन महिन्यात होतं. पण सलग दोन आठवडे झोप नाही, जेवणावरची वासना गेली, कशातच मन नाही, जगण्यात काय अर्थ असले विचार यायला लागले, तर माझा रविवारचा नियम बाजूला ठेव, त्याच रात्री मला फोन कर, किती पण वाजू देत. आणि 14416 हा नंबर मोबाईलमध्ये घालून ठेव, टेलिमानस म्हणतात, सरकारचा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. सीनियर कुणी त्रास देत असेल तर तेही लपवू नकोस, आपल्या राज्यात 1999 पासनं रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि कॉलेजला तक्रार घ्यावीच लागते. तुझ्या मेसेजवरनं मला यातलं काही वाटलं नाही, पण मी विचारतेय आणि तू खरं उत्तर द्यायचंस.

ऍडमिशन बदलायचं आपण सेमिस्टरचा पेपर दिल्यावर बोलू. तुझा एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिटच्या सरकारी खात्याचा नंबर, काढलाय ना? नव्या धोरणात क्रेडिट तिथं जमा होतात, सेमिस्टर पूर्ण करून गेलीस तर हातात काहीतरी घेऊन जाशील. अर्धवट सोडून गेलीस तर काहीच नाही. आणि मंगळवेढ्याचं कॉलेज वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, तू तिथं कॉलेजसाठी जात नाहीयेस एवढंच म्हणतेय.

नवरात्र जवळ आलंय. पूर्व भागात बायका बतुकम्मा मांडतात, फुलांचे थर रचून भोवती फेर धरून गाणी म्हणतात, तुझ्या वर्गात कुणी ना कुणी त्या घरातली असणार, तिला विचार, घेऊन जाईल. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणारी अख्खी गर्दी रस्त्यावर असते, रूमवरच्या पोरी निघाल्या तर जा. जानेवारीत होम मैदानावर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरेल तोवर तुला घरी जायची आठवण करून द्यावी लागेल बघ.

आता या आठवड्याचं. शुक्रवारी बॅग भरायची नाही. शनिवारी प्रॅक्टिकल. आईशी मी बोलते, ती रडेल, ते माझ्यावर सोड. रविवारी माझ्याकडं जेवायला ये असं मी मुद्दाम म्हणत नाहीये, माझ्याकडं आलीस तर तेही एक गावच झालं. रविवारी रूमवर राहा आणि संध्याकाळी मेस बंद असेल तेव्हा शेजारच्या खोलीचं दार वाजव आणि विचार, कुठं खायला जाताय, मी पण येते. माझ्याकडं बुधवारी कॉलेज सुटल्यावर ये, केमिस्ट्रीची वही घेऊन. मी पुस्तक मिटून विचारणार आहे.

तुझी,
मावशी