‘मॅडम, मी कुणाला उडवलं तर नाही ना?’

मनात असले विचार येतात, म्हणजे मी तसाच माणूस आहे का? आणि हे असंच चालू राहिलं तर मला वेड लागेल का? मी समुपदेशक आहे; माझ्यासमोर बसणाऱ्या कितीतरी लोकांचा खरा प्रश्न हाच असतो, फक्त तो यायला दोन-तीन भेटी लागतात. कुणाला देवघरात बसलं की देवाबद्दल शिव्या आठवतात. नुकतीच बाळंत झालेली एखादी मुलगी विळी माळ्यावर टाकून देते, कारण भाजी चिरताना बाळाकडे नजर गेली की तिच्या अंगावर काटा येतो. कुणाला गॅस बंद केल्याची खात्रीच पटत नाही. या सगळ्याला डॉक्टर ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणतात, जुनी माणसं मंत्रचळ म्हणायची. पण मंत्रचळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सारखे हात धुणारी बाई येते. त्यामुळे बाकीचे लोक आपल्याला काहीतरी भलतंच झालंय असं समजून वर्षानुवर्षं गप्प राहतात. श्रीनिवास असेच गप्प राहिले होते.

नाव बदललं आहे, कामाचे काही तपशीलही. सांगायला त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं परवानगी दिली आहे. वय ३६, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. घर अशोक चौकाच्या पुढं. घरी तेलुगू, बाहेर मराठी, शहराच्या पूर्व भागातलं असतं तसं. दुसरी पाळी सुटली की रात्री मोटारसायकलवर एकटेच घरी निघायचे. रस्त्यात गतिरोधक, खड्डे, ट्रकमधून सांडलेली खडी. गाडी कशावरून तरी धपकन गेली की मनात यायचं, माणूस तर नव्हता? मग गाडी वळवून माघारी. रस्ता मोकळा असायचा. पुन्हा निघायचे. पण आत्ता वळताना कडेनं कुणी चाललं होतं का? पुन्हा माघारी. वीस मिनिटांच्या रस्त्याला दीड तास लागायला लागला. एकदा तर कारखान्याच्या फाटकापर्यंत परत पोचले, तेव्हा म्हातारा वॉचमन म्हणाला, “काय ओ साहेब, घरला जायचं नाही काय आज?”

घरी आल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून मडगार्ड, चाक, सायलेन्सर तपासायचे. सकाळी पेपरात अपघाताच्या बातम्या. कुठं ‘अज्ञात वाहनाची धडक’ दिसलं की वेळ आणि जागा जुळवत बसायचे, बातमी तिकडं लांब मोहोळची असली तरी. एकदा पहाटे सिव्हिलला जाऊन अपघाताचा कुणी पेशंट आलाय का, हेही विचारून आले होते.

पहिल्याच भेटीत त्यांनी खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत घडी घातलेला पांढरा रुमाल. रुपयाएवढा तांबूस डाग, वाळून कडा काळपट झालेल्या, आणि डागाला चिकटलेली टॉवेलची दोन-चार तुसं. मडगार्ड पुसलेला रुमाल होता तो, पुरावा म्हणून न धुता जपलेला. “बघा मॅडम, हे रक्त आहे का?”

आपल्या शहरात चालत्या गाडीच्या मडगार्डवर तांबडा डाग कशाचा पडतो, हे शाळेतलं पोरही सांगेल. त्यांनाही ते कळत होतं. ओसीडीतली सगळ्यात क्रूर गोष्ट हीच आहे. माणसाची बुद्धी शाबूत असते, आपण करतोय त्यात अर्थ नाही हे त्याला बहुतेक वेळा दिसत असतं, आणि तरी तो थांबू शकत नाही. म्हणूनच वेड लागण्याच्या भीतीला माझं उत्तर सरळ असतं: नाही, हा आजार त्या जातीचा नाही.

रुमालाबद्दल मात्र मी काहीच बोलले नाही. त्यांच्या बायकोला, पद्माताईंना, ते आवडलं नाही. “सांगा की मॅडम. आम्ही सांगून सांगून थकलो. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं सांगितलं तर पटेल ह्यांना.”

पटलं असतं, संध्याकाळपर्यंत. तोवर त्या घरात हेच चाललं होतं. रात्री श्रीनिवास विचारायचे, “कुणाला लागलं नाही ना?” पद्माताई म्हणायच्या, नाही. मग, “नक्की?” मग मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ. सुरुवातीला एका शपथेवर झोप लागायची, पुढं तीनदा घ्यावी लागायला लागली. मग सासऱ्यांनाही, म्हणजे पद्माताईंच्या वडिलांनाही, उठवून विचारणं सुरू झालं. पेपरातल्या अपघाताच्या बातम्या पद्माताई कात्रीनं कापून मग पेपर पुढं ठेवायच्या, तर नवऱ्याला त्या चौकोनी भोकाचाच संशय यायचा. हे सगळं मायेपोटी चाललं होतं, यात शंका नाही. पण असा दिलासा म्हणजे सावकाराचं कर्ज. आजची रात्र निभते, उद्या व्याजासकट मागणी येते. मेंदू एवढंच शिकतो की तपासलं, विचारलं, म्हणून वाचलो. म्हणजे धोका होताच.

तपासण्यातली दुसरी गंमत (गंमत आपली म्हणायची) प्रयोगात दिसलेली आहे. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या व्हॅन डेन हाउट आणि किंट या संशोधकांनी निरोगी माणसांना संगणकावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा बंद करून तपासायला लावली. शेवटच्या वेळी काय केलं होतं, हे त्यांना नंतर बरोबर सांगता आलं. पण त्या आठवणीवरचा त्यांचा भरवसा उडाला होता, ती धूसर वाटत होती. म्हणजे तपासण्यानं शंका मिटत नाही, तपासण्यातूनच ती वाढते. हे ऐकून श्रीनिवास बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे मी दुसऱ्यांदा वळतो तिथंच फसतो.” पहिल्यांदा वळता तिथंच, मी म्हटलं.

आता वाचणाऱ्याच्या मनात येईल, आणि खरंच कुणाला धडक बसली असली तर? त्यांच्या सासऱ्यांनीही हेच विचारलं. माणसाला मोटारसायकल धडकली तर बहुतेक वेळा हँडल हातातून सुटतं, गाडी पडते, चालवणाराही पडतो, आरडाओरडा होतो. ते कळायला माघारी जाऊन शोधावं लागत नाही. इथं पुरावा काहीच नाही, नुसता ‘असं झालं असेल तर?’ हे मी श्रीनिवासना एकदा सांगितलं. एकदाच. पुढच्या भेटीत त्यांनी तेच परत वदवून घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा नकार दिला, कारण मग मीही त्यांच्या शपथांच्या यादीत जमा झाले असते.

विचार येणं हा आजार नव्हेच. रॅकमन आणि डिसिल्वा या संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवून दिलं की ज्यांना कसलाही मानसिक त्रास नाही अशा बहुसंख्य लोकांच्या मनातही असेच भयंकर, किळसवाणे विचार येऊन जातात. गच्चीच्या कठड्याशी उभं असताना ‘उडी मारली तर’ हे तुमच्याही मनात कधीतरी आलं असेल. तुम्ही ते सोडून देता. ज्याला ओसीडी आहे तो त्या विचाराला आपल्या चारित्र्याचा दाखला समजतो आणि खोडून काढायला बसतो. हे विचार नेमके त्याच्या सगळ्यात हळव्या जागी येतात. बाळावर जीव असलेल्या आईला बाळाबद्दल, देवभोळ्याला देवाबद्दल. श्रीनिवास हे मुंगी चिरडली तरी हळहळणारे गृहस्थ आहेत.

उपचाराचं नाव जरा जड आहे, एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. १९६६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला, तिथून ही पद्धत पुढं आली. करायचं असतं ते साधं आणि अवघड: जिथं भीती वाटते तिथं जायचं, आणि भीती घालवण्यासाठी एरवी जे करतो ते करायचं नाही. आम्ही सोप्याकडून अवघडाकडे जाणारी यादी बनवली. आधी दुपारी, सात रस्ता चौकातल्या माझ्या ऑफिसजवळून एक फेरी. गतिरोधकावरून जायचं, माघारी वळायचं नाही, आल्यावर चाक बघायचं नाही.

ती पहिली फेरी मला चांगली आठवते. गाडी स्टँडवर लावली, वर आले, खिडकीजवळ उभे राहिले. अंगठा मोबाइलच्या टॉर्चवर. भीती शंभरपैकी किती? नव्वद. मी सरबताचा ग्लास पुढं केला, तो हातात तसाच राहिला. थोड्या वेळानं नव्वदच. मग म्हणाले, “नुसतं वरून बघतो, टॉर्च लावत नाही.” आजार असाच भाव करतो, म्हणून तेही नको म्हटलं. अर्ध्या-पाऊण तासानं आकडा पन्नासवर आला. दर वेळी असा उतरतोच असं नाही. पण चढलेली भीती घेऊन माणूस सरबत पिऊ शकतो, घरी जाऊन जेवू शकतो, हे कळलं तरी पुष्कळ झालं.

पुढं रात्रीचा रस्ता आला. पेपर न कापता घरात येऊ लागला आणि श्रीनिवासनी तो उघडायचा नाही असं ठरलं. पद्माताईंना एकच वाक्य दिलं होतं: “हा त्या आजाराचा प्रश्न आहे, मी उत्तर देणार नाही. जेवायला वाढते.” पहिल्या आठवड्यात नवरा चिडला, ओरडला, रडलाही. घरच्यांना हे उलट्या काळजाचं वाटतं, आणि माझ्या मते या उपचारात सगळ्यात कठीण काम रुग्णाचं नसून त्यांचं असतं. तो रुमाल श्रीनिवासनी, कशाचा डाग आहे ते न शोधता, एका सकाळी स्वतःच घंटागाडीत टाकला. त्या दिवशी दोनदा फोन आला. मी हवापाण्याचं बोलले.

मधे एक गोष्ट लक्षात आली. ते रोज सिद्धेश्वराला जायला लागले होते. श्रद्धेवर मी कधी बोट ठेवत नाही. पण विचारल्यावर कळलं की मन ‘स्वच्छ’ वाटेपर्यंत प्रदक्षिणा चालत, आणि मधे वाईट विचार आला की मोजणी पहिल्यापासून. म्हणजे रस्त्यावरचं माघारी वळणं आता देवळात आलं होतं. ठरवून एकच प्रदक्षिणा, मग तळ्याकाठी बसायचं आणि विचार येतील तसे येऊ द्यायचे, असं केलं. सासूबाईंनी दृष्ट काढली होती, तिला माझी हरकत नव्हती. ती एकदाच काढली होती.

मनोविकारतज्ज्ञांकडे मी त्यांना पहिल्याच महिन्यात पाठवलं. समुपदेशकानं हे टाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ओसीडीत उदासपणावरच्याच गटातल्या गोळ्या देतात, बहुधा जास्त डोसमध्ये, आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून लोक सोडून देतात, तिथं नुकसान होतं. “सवय लागेल का?” हा प्रश्न ठरलेला. व्यसन लागत नाही, पण मनानं एकदम बंदही करायच्या नाहीत.

पद्माताईंची काळजी वेगळ्या जातीची होती, तेही सांगायला हवं. त्या विड्या वळतात. मांडीवर सूप, हात तेंदूच्या पानावर आपोआप चालत, आणि डोकं मोकळं. त्यात मुलीची फी, घरभाडं, ह्यांची नोकरी गेली तर, पाणी चार दिवसांनी आलं तर, एकातून दुसरं. या काळज्या खऱ्या आयुष्यातल्या, त्या त्यांना भलत्या वाटत नव्हत्या, आणि तपासण्यासारखं काही नव्हतं. त्यांना मी काळजीची वेळ ठरवून दिली: संध्याकाळी विड्या कारखान्यात देऊन आल्यावर अर्धा तास, वही घेऊन. दिवसभरात जी काळजी येईल तिला त्या वेळेवर ढकलायचं. वहीत दोन बाजू, आज काही करता येईल ते एकीकडं, करण्यासारखं नाही ते दुसरीकडं. फीचं बोलायला त्या दुसऱ्याच दिवशी शाळेत गेल्या, हप्ते बांधून मिळाले. बाकीचं बरंचसं दुसऱ्या बाजूलाच राहिलं.

जानेवारीत मुलीनं गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, जायचा हट्ट धरला, तिला पाळण्यात बसायचं होतं. आदल्या वर्षी श्रीनिवासनी त्या दिवसांत गाडीला हात लावला नव्हता. या वेळी होम मैदानाच्या अलीकडं गर्दी लागेपर्यंत गाडीवर गेले, मुलगी पुढं, पद्माताई मागं. कुणाचा तरी कोपर हँडलला लागला. ते थांबले नाहीत. रात्री मात्र विचारलंच, “त्याला लागलं नसेल ना?” आणि पद्माताईंच्या तोंडून निघून गेलं, “नाही हो, काही झालं नाही.” दुसऱ्या दिवशी दोघं हे सांगताना इतके ओशाळले होते की मला हसू आलं. असं होतंच. पुढच्या प्रश्नाला ठरलेलं वाक्य म्हणायचं, एवढंच.

आता तो रस्ता वीस-पंचवीस मिनिटांत होतो. विचार अजून येतो, ओव्हरटाइम किंवा जागरण झालं की जास्त. गोळ्या चालू आहेत, डोस कधी कमी करायचा ते डॉक्टर ठरवतील. सासरे विचारतात, विचार पूर्ण बंद कधी होणार? बंद व्हायची वाट बघू नका, म्हणते मी, त्यांना येऊ द्या आणि जावयाला वेळेवर घरी येऊ द्या.

शंभरात एक ते तीन माणसांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो, म्हणजे सोलापुरात असे हजारो असतील. तपासण्यात, धुण्यात, मोजण्यात किंवा मनातल्या मनात खोडून काढण्यात रोज तासभर जात असेल, कामावर किंवा घरात अडत असेल, तर थांबू नका. सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मनोविकार विभागाची ओपीडी आहे. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर चोवीस तास फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तिथं फोन लावून पहिलं वाक्य काय बोलायचं ते सुचत नसेल, तर जो विचार कुणालाच सांगितला नाही तोच सांगा. ऐकणाऱ्यानं असे विचार आधी ऐकलेले असतात.