मुक्कामाची उंची आधी, किलोमीटर नंतर

प्रश्न : ताई, मेच्या सुट्टीत पुण्याहून आमच्याच गाडीने हिमाचलातल्या स्पितीला जायचं आम्ही ठरवतोय. मी ६१ वर्षांचा, बायको ५८ (रक्तदाबाची गोळी चालू आहे), मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात. चंदीगडपासून पुढे आठ दिवस हातात आहेत. पहिल्या रात्री मनाली, दुसऱ्या रात्री चंद्रतालला तंबूत, तिसऱ्या दिवशी काझा. दोन दिवस तिथली गावं बघून नाको, कल्पा, शिमला करत परत. मुलाचा घाटात हात बसलेला आहे, ताम्हिणी-वरंध नेहमीचेच. गाडी साधी, पेट्रोलवरची, छोटी. यात काय बदलायला हवं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दादा, सगळ्यात आधी ती दुसरी रात्र खोडा. बाकीचं मग बोलू.

मनाली समुद्रसपाटीपासून साधारण २,०५० मीटरवर आहे आणि चंद्रताल ४,२५० मीटरच्या वर. म्हणजे एका दिवसात तुम्ही झोपायची जागा २,२०० मीटरनी वर नेताय. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. अख्खं कळसूबाई आणि वर आणखी एक सिंहगडाएवढी चढण, तीही गाडीत बसल्या बसल्या. पायांना काही कळत नाही, कळतं ते फुप्फुसांना आणि मेंदूला, आणि तेही रात्री, झोपल्यावर.

मी हे अनुभवून सांगतेय. २०१४ च्या सप्टेंबरात मी आणि माझी धाकटी बहीण अशाच आखणीने गेलो होतो. दुपारी तिचं डोकं दुखायला लागलं. प्रवासाचा शीण असेल म्हणून मी तिला एक गोळी दिली आणि झोपवलं. रात्री अकराला ती उलटीसाठी बाहेर आली, तेव्हा तिचे पाय सरळ पडत नव्हते. मला वाटलं, थंडीने. तंबू चालवणाऱ्या माणसाने बॅटरी तिच्या पायांवर मारली, एका टाचेपुढे दुसरं पाऊल ठेवत चालायला सांगितलं. तिला चार पावलं जमली नाहीत. तो एवढंच म्हणाला, “सकाळची वाट बघू नका.” त्याच्याच जीपमधून आम्ही बातलवरून छत्रूला उतरलो, जवळजवळ ९०० मीटर खाली. त्या दगडगोट्यांच्या रस्त्यावर पहाट झाली. छत्रूला तिने स्वतःहून चहा मागितला, तेव्हा मी रडले. डोकेदुखीसोबत चालताना तोल जाणं ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असते आणि तिथे पहिलं औषध म्हणजे खाली उतरणं, हे मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं.

म्हणून माझी एकच पद्धत आहे : कागदावर आधी प्रत्येक रात्रीची उंची लिहायची, किलोमीटर नंतर. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच राहायचं, असं डॉक्टर सांगतात. दिवसा वर जाऊन या, हरकत नाही. झोपायला खाली या.

दुसरं असं, की मे महिन्यात कुंझुम खिंड बहुतेक वेळा बर्फाखाली बंदच असते. साडेचार हजार मीटरवरची खिंड आहे ती, सहसा जूनच्या सुमारास मोकळी होते. मनालीकडून काझाला जायचा रस्ता तिच्यावरूनच जातो. त्यामुळे शाळेच्या सुट्टीत तुमचं हे वर्तुळ तसंही पूर्ण होणार नाही. वाईट वाटून घेऊ नका. किन्नौरकडून, म्हणजे शिमला-कल्पाच्या बाजूने, जायचं आणि त्याच रस्त्याने परतायचं, हीच मुलाबाळांसकट जायची खरी वाट आहे, कारण हा रस्ता हळूहळू चढतो.

आता गाडीचं. पुणे ते चंदीगड साधारण १,७०० किलोमीटर. जायला तीन दिवस, यायला तीन. हे सहा दिवस तुम्ही सपाट महामार्गावर घालवणार आणि जिथे दिवसांची खरी गरज, तिथे घाई करणार. त्याऐवजी चंदीगडपर्यंत रेल्वेने किंवा विमानाने जा आणि वाचलेल्यांतले दोन दिवस डोंगराला द्या. आठाचे दहा झाले की सहल जमते. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. काझाला तुमची गाडी एक तृतीयांश जोर हरवून बसलेली असेल, आत पाच माणसं आणि सामान. शिमल्याहून मोठी गाडी करा आणि चालकही तिथलाच घ्या. तुमच्या मुलाच्या हातावर माझा विश्वास नाही असं नव्हे. मी स्वतः वरंध्यात गाडी शिकले. पण आपल्या घाटात समोरून एसटी आली तर आपण कडेला सरकतो. किन्नौरात काही ठिकाणी रस्ता कड्यात कोरून काढलाय, डोक्यावर खडक आणि खाली सतलज. तिथे समोरून बस आली की दरीच्या बाजूने पन्नास-साठ मीटर मागे घ्यावी लागते. ते शिकायला बायको आणि मुलगी मागे बसलेली असताना जाऊ नये. त्याने पुढच्या वेळी एकट्याने मित्रांबरोबर जावं आणि मनसोक्त चालवावं.

मी अशी आखणी करेन. पहिली रात्र नारकंडा, २,७०० मीटर. शिमल्यात थांबू नका, मेमध्ये तिथे गर्दीत निम्मा दिवस जातो. दुसरी रात्र सांगला, साधारण तेवढ्याच उंचीवर. तिसऱ्या दिवशी सकाळी छितकुल बघून संध्याकाळी कल्पाला, २,९६० मीटर. खिडकीतून समोर किन्नर कैलास दिसेल अशी खोली मागून घ्या, पहाटे नातीला उठवा. चौथा दिवस मोठा आहे. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, तिथून हिरवाई संपते आणि नुसते मातकट डोंगर सुरू होतात. नाकोला जेवा, पण झोपू नका, कारण ते ३,६०० मीटरच्या वर आहे. रात्री ताबोला उतरा, ३,२८० मीटर.

ताबोत घाई करू नका, हे मी हात जोडून सांगते. तिथला मठ इसवी सन ९९६ चा. बाहेरून पाहिलं तर मातीची बुटकी, जाड भिंतींची घरं वाटतात. आत गेल्यावर काळोखात डोळे बसायला दोन-तीन मिनिटं लागतात, मग भिंतीवरचे रंग हळूहळू दिसू लागतात. हजार वर्षं त्या मातीच्या भिंतीवर ते टिकले आहेत. आत फोटो काढू देत नाहीत आणि ते बरंच आहे. नातीला हातात छोटी बॅटरी द्या.

पाचव्या दिवशी ढंकर बघत काझाला, ताबोपासून पन्नासेक किलोमीटरच. सहाव्या दिवशी की मठ, किब्बर, लांग्झा, हिक्किम. हिक्किमच्या टपाल कार्यालयातून नातीला तिच्याच पत्त्यावर पत्र टाकायला लावा. हे सगळं चार हजारांच्या वर आहे, म्हणून संध्याकाळी काझालाच परत. सातवा दिवस रिकामा ठेवा. कुणाला बरं नसेल, दरड पडली असेल, तर तो तिथे खर्च होईल. काहीच झालं नाही तर नदीकाठी बसा. आठ, नऊ, दहा परतीचे. आणि दहा दिवस निघतच नसतील तर ताबोवरूनच परत फिरा. काझासाठी धावपळ करण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

दरडींबद्दल गंभीरपणे लिहिते. २५ जुलै २०२१ ला सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ दगड कोसळून नऊ पर्यटक गेले. त्याच वर्षी ११ ऑगस्टला निगुलसरीला दरडीत २८ जण गेले. मेमध्ये पावसाळ्याएवढी भीती नसते, पण ‘शूटिंग स्टोन’ (म्हणजे वरून दगड कोसळतात) लिहिलेल्या पाटीखाली फोटोला, लघवीला, कशालाच थांबायचं नाही. पाऊस पडला तर त्या दिवशी निघायचं नाही. सकाळी सहाला निघा, दुपारी तीनपर्यंत मुक्कामी पोचा. अंधारात चालवायचं नाही, चालक हो म्हणाला तरी. डिझेल-पेट्रोल कल्पाच्या खालच्या रेकाँग पिओच्या बाजूलाच काठोकाठ भरून घ्या, पुढचा पंप थेट काझाला. रोख पैसे जवळ असू द्या.

वहिनींना निघायच्या महिनाभर आधी त्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि मुक्कामांच्या उंचीचा कागद दाखवा. रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद किंवा कमी करायची नाही. उंचीच्या त्रासासाठीची डायमॉक्स ही गोळी घ्यायची का, किती, हे डॉक्टरच ठरवतील. सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. नातीची मात्र जास्त काळजी घ्या. सहा वर्षांच्या मुलाला “डोकं दुखतंय” असं नीट सांगता येत नाही. ती जेवायला नको म्हणाली, खेळायची थांबली, उगाच किरकिर करू लागली किंवा गप्प झाली, तर उंचीचाच त्रास समजून चाला. वर चढायचं थांबवा. दोन-चार तासांत उतार पडला नाही, तर खाली. मेतकूट आणि तूप बरोबर न्या. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे भात कुकरशिवाय कच्चा राहतो. तिथे होमस्टेमध्ये कुकर असतोच, मऊ भात मागितला तर प्रेमाने करून देतात.

प्रश्न : माझा नातू अमेरिकेचा नागरिक आहे, त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) कार्ड आहे. आमच्याबरोबर किन्नौरमार्गे काझाला येऊ शकेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : येऊ शकेल, पण परवाना काढावा लागेल. रेकाँग पिओच्या पुढे, सीमेलगतच्या पट्ट्यातून काझाकडे जायला आपल्या नागरिकांना परवाना लागत नाही, परदेशी पासपोर्टवाल्यांना लागतो. ओसीआय कार्ड असलं तरी लागतो, यात बरेच जण फसतात आणि तपासणी नाक्यावरून परत फिरतात. परवाना शिमल्यात किंवा रेकाँग पिओला मिळतो. पासपोर्ट आणि ओसीआय कार्डाच्या चार-पाच छायाप्रती आणि फोटो जवळ ठेवा, मूळ कागद नातवाच्याच बॅगेत नको, तुमच्याकडे ठेवा. कल्पा पिओच्या डोक्यावरच आहे, त्यामुळे तिथे मुक्काम करून सकाळी खाली उतरून काम होतं. फक्त तो दिवस रविवार किंवा दुसरा शनिवार येणार नाही, हे तिकिटं काढण्याआधी बघा.