गोणी उचलताना कंबर का धरते?

प्रश्न: मार्केट यार्डात कांद्याच्या ५० किलोच्या गोण्या टेम्पोत चढवतो, महिनाभर कंबर धरतीये, पट्टा बांधू का?

उत्तर: पट्ट्यावर पैसे घालू नका राव, त्याने दुखापत टळते असा ठोस पुरावा नाही. वजन आहेच, पण खरा घोळ वळण्यात, म्हणजे वाकून गोणी धरली अन् पाय तिथेच ठेवून नुसती कंबर पिरगळली की मणक्यातल्या चकतीवर दाब आणि पीळ एकदमच येतात. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेच्या हिशोबात आदर्श स्थितीतही उचलायला जास्तीत जास्त २३ किलोच धरलेत, तुमची गोणी दुपटीहून जास्त! दोघांनी उचला, अंगाला चिकटवून, अन् वळताना पाय टाका. झोपेतून उठल्यावर पहिला तासभर तर वाकून उचलणं नकोच, रात्रभरात चकत्या पाणी पिऊन फुगलेल्या असतात. पायाला मुंग्या येत असतील तर मात्र डॉक्टर गाठा.